भोवरे पाहतात, नाडी नाही

दिवाळीच्या सुमारास अकलूजला घोडेबाजार भरतो. मोडनिंब परिसरातून तेथे जाणारा घोड्याचे दात पाहील, चाल पाहील, एखाद्या अशुभ भोवऱ्यापायी सौदाही मोडील. नाडी मात्र क्वचितच मोजील. वास्तविक जबड्याच्या आतल्या कडेला बोटे टेकली की ती लागते. उभ्या, निवांत घोड्याची मिनिटाला २८ ते ४४, श्वास ८ ते १६, तापमान ९९ ते १०१ अंश फॅरनहाइट. कुशीला कान लावला तर आतड्यांची गुडगुड ऐकू आली पाहिजे. ती थांबली आणि नाडी साठीपुढे गेली, तर पोटशूळाने जनावर रातोरात दगावू शकते. अशा वेळी घरगुती काढ्यांत घालवलेली रात्र घातकच! पशुवैद्यकीय दवाखान्यांनी मालकांना हे मोजमाप शिकवावे. सेकंदकाटा आता प्रत्येकाच्या खिशातल्या मोबाइलवर आहे.