‘पीस’मध्ये जडलेला आजार कुणाचा?

यवतमाळकर हो,

आपल्या जिल्ह्यातल्या एका माजी जवानाला परवा अपंगत्व पेन्शन नाकारल्याचं पत्र आलं. कारण काय, तर रक्तदाब जडला तेव्हा पोस्टिंग ‘पीस’मध्ये, म्हणजे सीमेपासून दूरच्या शांत छावणीत होतं, म्हणून आजाराचा सेवेशी संबंध नाही. फायली रखडतात, उत्तरं येत नाहीत, हे तुम्ही जाणताच. आजचं भांडण फक्त या ‘पीस’शी.

रक्तदाब काय बदलीचा हुकूम वाचून येतो? सियाचीनहून उतरलेला गडी पुण्याच्या छावणीत पोचला, की त्याच्या नसा मागचं सगळं विसरतात, असं हे वैद्यकशास्त्र! छावणीतही रात्रीची गार्ड ड्यूटी असते, सुट्टी साहेबाच्या मर्जीवर असते, आणि दारव्ह्याहून सोयाबीन बुडाल्याचा फोन येतो तो वेगळाच.

‘अहो, वय झालं की बीपी सगळ्यांनाच होतो!’ शिपाई 15-17 वर्षांची नोकरी करून सुटतो तेव्हा पस्तिशी-अडतिशीत असतो. त्याचं ‘वय झालं’ म्हणणाऱ्यांची स्वतःची खुर्ची साठीपर्यंत सुटत नाही.

आता शांतपणे कायदा पाहू. 2 जुलै 2013 ला धरमवीर सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की भरतीच्या वेळी नोंद नसलेला आजार सेवेतच जडला असं धरायचं. संबंध नाही हे सिद्ध करायचं ते सरकारने, आणि मेडिकल बोर्डाने कारणं लिहून. धरमवीर सिंह फेफऱ्यामुळे 1994 मध्येच घरी पाठवला गेला होता. न्याय मिळायला 19 वर्षं लागली, आणि शेरा अजून तोच.

वाचवतात तरी किती? शेवटचा पगार 40 हजार धरा. 20 टक्के अपंगत्व सर्वोच्च न्यायालयाच्याच 2014 च्या रामअवतार निकालाप्रमाणे 50 टक्के धरलं, तर महिना 6 हजार. तेवढ्यासाठी सरकारी वकील दिल्लीपर्यंत उभे! जवानाने मात्र धामणगावला जाऊन गाडी धरायची आणि मुंबईच्या सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या तारखा करायच्या.

‘खोटे दावेही असतात.’ असतील, पकडा त्यांना. एक लबाड सापडेना म्हणून अख्खी पलटण लबाड?

पत्र आलं की सहा महिन्यांत पहिलं अपील टाका. फेटाळलं तर दुसरं, मग न्यायाधिकरण. अपंगत्व पेन्शनच्या सप्टेंबर 2023 च्या नव्या नियमांनंतर सुटलेल्यांनी ते नियम आधी वाचून घ्यावेत. बोर्डाचे सगळे कागद आणि भरतीची वैद्यकीय नोंद मागवा. आणि अपिलात ठणकावून विचारा: भरतीच्या दिवशी मी धडधाकट होतो की नव्हतो? नव्हतो, तर मला घेतलं कसं?