‘रन’ म्हणजे फक्त धावणे नव्हे

पाचवीतल्या कुठल्याही मुलाची इंग्रजीची वही उघडून पाहावी. पानाच्या मधोमध उभी रेघ, डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ. ‘रन – धावणे.’ शेजारी लाल शाईची बरोबरची खूण. पुढे कधीतरी ‘हिज नोज इज रनिंग’ हे वाक्य समोर येतं आणि मूल अडखळतं. नाक धावेल कसं?

चूक मुलाची नाही, त्या उभ्या रेघेची आहे.

ऑक्सफर्डच्या बृहत्कोशात १९८९ साली ‘सेट’ या क्रियापदाची नोंद सर्वांत लांबलचक होती. सुमारे ४३० अर्थ, साठ हजारांच्या आसपास शब्द. पुढे ‘रन’ने त्याला मागे टाकलं. कोशकार पीटर गिलिव्हर या एका शब्दात तब्बल नऊ महिने गुंतले होते, आणि २०११ साली समोर आलेला आकडा होता ६४५. तोही केवळ क्रियापदाचा. क्रिकेटमधली ‘रन’ त्यात धरलेलीच नाही.

इतके अर्थ आले कुठून? धावण्यातल्या गतीचा धागा नदीच्या पाण्याला, नाकाला, कपड्याच्या सुटणाऱ्या रंगाला आधीच जोडलेला होता. मग यंत्रं आली. आगगाडी, घड्याळ, गिरणी, सगळं ‘रन’ होऊ लागलं आणि आता संगणकातला प्रोग्रॅमही होतो. दुकान चालवणं ‘रन’, दूध संपणं ‘रन आउट’. अमेरिकेत उमेदवार निवडणुकीसाठी ‘रन’ करतो, तर ब्रिटनमध्ये तो ‘स्टँड’ करतो. आपल्याकडेही तो उभाच राहतो.

मराठी मुलाला हा प्रकार मुळीच परका नाही. त्याला भूक लागते, ठेच लागते, घाटात गाडी लागते. ताईचा निकाल लागतो, दादाला नोकरी लागते, झाडाला आंबे लागतात, भाजी खारट लागते. ‘लागणे’चा अर्थ त्याने वहीत कधी उतरवून घेतलेला नसतो, तरी तो चुकत नाही. कारण हा शब्द त्याच्या कानावर सुटा पडलेला नसतो. वाक्यातून, माणसांच्या बोलण्यातून आलेला असतो.

इंग्रजीच्या बाबतीत मात्र शाळेत आणि घरीही शब्दार्थांची घोकंपट्टी चालते. महाराष्ट्रात मराठी माध्यमाच्या मुलांना पहिलीपासून इंग्रजी सुरू होऊन दोन दशकं उलटली, तरी परीक्षेत ‘शब्दांचे अर्थ लिहा’ सुटत नाही. एका शब्दासमोर एकच मराठी शब्द लिहिला, की मुलाला वाटतं हिशोब मिटला. पुढच्या वाक्यात तो फसतो आणि ‘मला इंग्रजी जमत नाही’ असं स्वतःलाच बजावतो. हे नुकसान फार मोठं आहे.

शिक्षकांनी आणि पालकांनी एवढं करावं: अर्थाच्या रकान्यात वाक्य लिहून घ्यावं. नळाचं, नाकाचं, दुकानाचं, बसचं. रोज एक पुरे.