न आलेल्या यंत्राचा बयाणा

सावनेर परिसरातील संत्र्याच्या व्यापाऱ्याला एक गोष्ट शिकवावी लागत नाही. आंबिया बहाराचा फुलोरा जानेवारी-फेब्रुवारीत कितीही दाट दिसला, तरी फळ हाती येते ते ऑक्टोबरनंतर. मधल्या काळात गळ होते, वादळ येते, गारपीट होते. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी फळ पक्व होण्याची चिन्हे दिसण्यापूर्वी झाडावरील फळांचा सौदा करण्यास मनाई केली, त्यामागे हेच शहाणपण आहे. हाच प्रश्न आज मोबाईल व इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात वेगळ्या रूपाने उभा आहे. येथे फुलोरा असतो तो अफवांचा.

उदाहरण व्हिडिओ गेमच्या यंत्राचे घेऊ. जपानच्या निन्टेन्डो कंपनीने ३ मार्च २०१७ रोजी ‘स्विच’ नावाचे दुहेरी यंत्र बाजारात आणले. ते हातात धरूनही खेळता येते आणि डॉकवर ठेवून टीव्हीलाही जोडता येते. त्याची पुढची आवृत्ती किती ताकदीची असेल, यावर जगभर कित्येक वर्षे तर्क चालले. २०२२ मध्ये एनव्हिडिया या चिप बनवणाऱ्या कंपनीची माहिती चोरीला गेली आणि त्यातून नव्या चिपचे नाव फुटले. मग कोणी मेमरीचे आकडे मांडले, कोणी वेगाचे. कोणी २०२३ साल सांगितले, कोणी २०२४. प्रत्यक्षात ‘स्विच २’ची घोषणा १६ जानेवारी २०२५ ला झाली, संपूर्ण तपशील २ एप्रिलला आला आणि विक्री ५ जूनला सुरू झाली.

अंदाज खरा, तरी व्यापार खोटा

आता गंमत पाहा. ताकदीचे बरेचसे अंदाज खरे ठरले. चिप एनव्हिडियाचीच निघाली. मेमरी पूर्वीच्या ४ ऐवजी १२ जीबी झाली, साठवण ३२ ऐवजी २५६ जीबी. मात्र दुहेरी यंत्राची ताकद एका आकड्यात सांगता येत नाही. हातात असताना बॅटरी आणि उष्णता यांची मर्यादा असते, म्हणून चित्र काढणारा भाग सुमारे ५६१ मेगाहर्ट्झवर चालतो. टीव्हीला जोडल्यावर तोच भाग सुमारे १००७ मेगाहर्ट्झवर जातो. गिऱ्हाईकाला मोठा आकडा सांगून यंत्र विकले आणि त्याने ते नेहमी हातातच वापरले, तर तो फसवले गेल्याची तक्रार करणार, आणि ती रास्त असणार.

परंतु ताकदीचा अंदाज बरोबर आला म्हणून त्यावर पैसा लावणारा दुकानदार तरला असता काय? मुळीच नाही. कारण त्याचा नफा-तोटा ज्या गोष्टींवर ठरतो, त्या चिपच्या आकड्यात नव्हत्याच. नव्या यंत्रात खेळ साठवण्यासाठी साधे मायक्रो-एसडी कार्ड चालत नाही, ‘एक्सप्रेस’ जातीचेच लागते. ज्याने साधी कार्डे भरून ठेवली, त्याचा माल या कामाला निरुपयोगी. पडदा ६.२ इंचांवरून ७.९ इंचांवर गेला, म्हणजे जुनी कव्हरे व काचा बसत नाहीत. बाजूच्या मुठी आता लोहचुंबकाने चिकटतात, जुन्या मुठी त्या जागी लागत नाहीत.

किंमतीचेही तसेच. २०२५ मध्ये विक्री सुरू झाली तेव्हा जपानमध्ये ४९,९८० येनचे स्वस्त यंत्र होते, पण ते फक्त जपानी भाषेत चालणारे. अनेक भाषांचे यंत्र तेव्हा ६९,९८० येनला होते. स्वस्त म्हणून पहिले यंत्र मागवले, तर आपल्या खापा-केळवदच्या गिऱ्हाईकाला त्याचा उपयोग काय? शिवाय ज्या देशांत कंपनीने हे यंत्र स्वतः आणले, त्यांत भारत नव्हता. बाहेरून आलेल्या मालाला येथे कंपनीची हमी नाही, बिघाड झाल्यास गिऱ्हाईक दुकानदाराच्याच दारात येणार.

शरीयतचा दंडक

जे आपल्याजवळ नाही ते विकू नये, ही प्रेषितांची (स.) शिकवण प्रत्येक व्यापाऱ्याला ठाऊक असावी. पण इस्लामने आगाऊ व्यवहाराचे दार बंद केलेले नाही. मदीनेत लोक खजुरांसाठी वर्ष-दोन वर्षे आधी पैसे देत. प्रेषितांनी (स.) ते बंद केले नाही, माप, वजन आणि मुदत ठरलेली असावी, अशी अट घातली. यालाच ‘सलम’ म्हणतात. आता ज्या यंत्राची मेमरी, भाषा, किंमत, तारीख यांपैकी काहीच कंपनीने जाहीर केलेले नाही, त्याचा बयाणा कोणत्या मापाने घेणार? ही उघड ‘गरर’ आहे, म्हणजे अनिश्चिततेचा सौदा. वेकोलिच्या खाणीत राबून मुलासाठी पैसे साठवणाऱ्या बापाची रक्कम वर्षभर आपल्या गल्ल्यात अडकवणे ही व्यापारातली हुशारी नव्हे.

तेव्हा व्यापारी बंधूंनी काही गोष्टी पाळाव्यात. कंपनीची घोषणा होईपर्यंत गिऱ्हाईकाचे फक्त नाव लिहून घ्यावे, पैसे नव्हे. घोषणेनंतर मागणी घेतलीच तर कागदावर मॉडेल, भाषा, साठवण, किंमत, तारीख आणि हमी नसल्याचे स्पष्ट लिहावे. माल न आल्यास रक्कम परत करण्याचा शब्द द्यावा आणि पाळावा. यंत्र हाती घेऊन मोजल्याशिवाय त्याचे सुटे सामान भरू नये.

दुरुस्ती करणाऱ्या कारागिरांसाठी यात वेगळा धडा आहे. नव्या यंत्राच्या दांड्यांत न झिजणारे ‘हॉल’ सेन्सर असतील, असे खूप बोलले गेले. तसे झाले नाही. दांड्या जुन्याच घर्षणाच्या पद्धतीच्या निघाल्या, म्हणजे झिजणार आणि बदलाव्या लागणार. बॅटरी गोंदाने चिकटवलेली आहे. आयफिक्सिट या दुरुस्तीतज्ज्ञ संस्थेने दुरुस्तीसोपेपणाचे १० पैकी ३ गुण दिले. अवघड काम म्हणजे जाणकार हाताला मान. बारीक सोल्डरिंग, चार्जिंगचे पोर्ट बदलणे, चिकटलेली बॅटरी न वाकवता सोडवणे, हे कसब आज शिकलेला कारागीर कोणत्याही कंपनीच्या कोणत्याही पुढच्या यंत्राला पुरेल.

मुलांचा किती वेळ या खेळांत जावा, नमाज आणि अभ्यासाचे काय, हा आई-वडिलांनी स्वतंत्रपणे विचार करण्याचा प्रश्न आहे. व्यापाऱ्यापुरते बोलायचे तर पुढचे यंत्र येईल, त्याच्याही ताकदीच्या गोष्टी दोन-तीन वर्षे आधी कानावर येतील. त्या ऐकाव्यात, गिऱ्हाईकाशी बोलाव्यात, पण त्यावर ना आपला पैसा लावावा, ना दुसऱ्याचा घ्यावा. तालुक्याच्या गावात दुकान विश्वासावर चालते. अल्लाह आपल्या रोजीत बरकत देवो.