‘संस्कार’: अग्नी शेवटी कुणी दिला?

‘संस्कार’ हा सिनेमा ब्राह्मणविरोधी आहे, असं आपल्या मंडळाच्या चर्चेत दोघांनी ठामपणे सांगितलं. एकानं कौतुकानं, दुसऱ्यानं रागानं. मला दोघांचंही पटलं नाही.

यू. आर. अनंतमूर्तींची कन्नड कादंबरी १९६५ ची, पट्टाभिराम रेड्डींचा सिनेमा १९७० चा. सेन्सॉरनं तो आधी अडवला. सुटल्यावर त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं. अग्रहारातला नारणप्पा मरतो. दारू प्यायचा, मांस खायचा, पण त्याला वाळीत टाकलेलं नव्हतं. मग अग्नी कुणी द्यायचा? प्रेत कुजतंय आणि प्राणेशाचार्य पोथ्या चाळतायत. (चर्चला न येणाऱ्या माणसाच्या मयतीला आमच्याकडेही अशीच कुजबुज मी ऐकलीय, त्यामुळे मला हसू आलं नाही.)

पण ही सगळी घालमेल आहे कुणाची? आचार्यांची. चंद्रीशी त्यांचा संबंध येतो, तोही त्यांच्याच आत्मशोधातला एक टप्पा ठरतो. कादंबरीत खालच्या वस्तीतली माणसं प्लेगनं मरतात, झोपड्या जळतात, आणि वाचक अग्रहारातच अडकून राहतो. अनंतमूर्ती ब्राह्मण्यावर टीका करतात, मान्य. पण तिथून बाहेर पडत नाहीत. याला विरोध म्हणण्यापेक्षा घरातलं भांडण म्हणावं.

पात्रनिवडीबद्दल मात्र मी दिग्दर्शकाच्या बाजूनं आहे. आचार्य म्हणून गिरीश कर्नाड फार तरुण दिसतात, अशी तक्रार झाली. अहो, पण कादंबरीतले आचार्य तरी कुठे म्हातारे आहेत? देखणा, तिशीतला माणूस असल्यामुळेच त्यांचा संयम रोजची मेहनत वाटतो. नारणप्पा झालेत पी. लंकेश. ते लिंगायत घरातले, जातीव्यवस्थेवर तुटून पडणारे लेखक, आणि त्यांना भूमिका मिळाली बंडखोर ब्राह्मणाची! मला ही निवड फार आवडली.

अडचण चंद्रीची. स्नेहलता रेड्डी या ख्रिस्ती झालेल्या कुटुंबातल्या, मद्रासच्या इंग्रजी रंगभूमीवर वावरलेल्या. खालच्या जातीतली, नारणप्पाची ठेवलेली बाई म्हणून त्या पटत नाहीत, हा आक्षेप मला खोडता येत नाही. त्या जगातली नटी त्यांना मिळाली नसेल, की शोधलीच नसेल? तरीही त्यांच्या चेहऱ्यावरच्या शांतपणामुळे एक गोष्ट लख्ख दिसते. दागिने काढून देणारी चंद्रीच, आणि शास्त्रार्थाची वाट न पाहता एका मुसलमान ओळखीच्या माणसाला गाठून रात्रीतून प्रेत जाळून टाकणारीही चंद्रीच. आचार्यांना जे इतक्या पोथ्यांत सापडलं नाही, ते ती करून मोकळी होते आणि गाव सोडून जाते.

तिच्यामागून कॅमेरा का गेला नाही, हे मला पुढच्या बैठकीत त्या दोघांनाही विचारायचंय.