दोन चांदण्यांच्या भरवशावर बिल बनवू नका



ऑनलाइन ऑर्डर आणि बिल एकाच सॉफ्टवेअरमध्ये जोडायचं म्हणून बरेच जण पायथन येणारा पोरगा शोधतात, काही जण स्वतःच शिकतात. चांगलंय. पण यातली एक गोष्ट मालकाला कळलीच पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे.

ऑर्डर हे एक मॉडेल, बिल हे दुसरं. ऑर्डरची माहिती डिक्शनरीत असते : नाव, नग, दर, सवलत. ती बिलात टाकायचा शॉर्टकट म्हणजे डिक्शनरीच्या आधी दोन चांदण्या, . मग प्रत्येक कप्पा आपल्या नावाने कीवर्ड आर्ग्युमेंट होऊन बिलात जातो. एका ओळीत काम!

पण नावं जुळली तरच माल जागेवर पडतो. समजा ऑर्डरमध्ये कप्प्याचं नाव 'डिस्क' आहे आणि बिलात 'डिस्काउंट', आणि तो आला नाही तर शून्य धरायचं असं ठरलंय. बिल डेटाक्लास असेल तर पायथन तिथेच टाइपएरर देऊन थांबतं. पायडॅन्टिक मात्र, सेटिंग बदललं नसेल तर, अनोळखी कप्पा गुपचूप सोडून देतं. बिल तयार, सवलत गायब. ५०० च्या मालावर १० टक्के कबूल केलेत आणि ४५० ऐवजी ५०० चं बिल गेलं. गिऱ्हाईक भांडलं तर नशीब समजा, नाहीतर ते परत येतच नाही. पायडॅन्टिकमध्ये 'एक्स्ट्रा' हे सेटिंग 'फॉरबिड' करता येतं. पैशाच्या मॉडेलला ते हवंच. काउंटरवर अडलेलं बिल परवडतं हो.

डेटाक्लासची खोड वेगळी. आत काय आलं ते तो तपासत नाही. दर '४५०' हा मजकूर म्हणून आला आणि २ नगांनी गुणला, तर ९०० नाही, '४५०४५०' मिळतं.

आणि वेबसाइटच्या फॉर्ममधून आलेली डिक्शनरी तर थेट ओतूच नका. कुणी त्यात 'दर' कप्पा घुसवून १ रुपया पाठवला तर? बाहेरून आलेले कप्पे असे न चाळता मॉडेलमध्ये घेतल्यामुळेच २०१२ मध्ये गिटहबवर एका प्रोग्रॅमरने रेल्स प्रकल्पात लिहायचा हक्क मिळवून दाखवला होता. भाषा रूबी होती, दुखणं हेच.

दोन्ही मॉडेल्स तुमच्या ताब्यात असतील आणि कप्पे तेच असतील तर चांदण्या खुशाल वापरा. ऑर्डर ते बिल या वाटेवर मात्र प्रत्येक नाव हाताने लिहून घ्या. आठ-दहा ओळी वाढतील, डेव्हलपर कुरकुर करेल. त्याला म्हणा, लिही बाबा, चहा मी पाजतो.