घोड्याचे साडेतीनशे, आमच्या ट्रॉलीचे शून्य



गेल्या हंगामातली गोष्ट. आमच्यातल्या एकाने ट्रॉलीत कापूस दाबून भरला, वर ताडपत्री आवळली आणि पहाटे जिनिंगची वाट धरली. गावापासून चार किलोमीटरवर अंधारात खड्डा दिसला नाही. ट्रॉलीचा पाटा तुटला, चाक वाकले, ट्रॉली कलंडली. निम्मा कापूस फुफाट्यात. दुसरी गाडी बोलावली, कापूस पुन्हा भरला, आणि जिनिंगवर गेलो तर माती लागली म्हणून भाव कापला. पाटा, वेल्डिंग, टायर, दुसऱ्या गाडीचे भाडे, दोन गड्यांची हजेरी, सगळ्याची बेरीज नऊ हजार आठशे झाली. भाव कापला तो वेगळाच.

बिले घेऊन आम्ही चौघे रस्त्याच्या कचेरीत गेलो. साहेबांनी विचारले, "कोणी मेले का?" नाही. "हातपाय मोडला का?" नाही. "मग कसली भरपाई मागता?"

साहेब उद्धट होते असे आम्ही म्हणत नाही. ते खरे तेच बोलले. या राज्यात खड्ड्याची भरपाई हवी असेल तर माणूस मरावा लागतो, निदान मोडावा तरी लागतो. गाडी मोडली, माल सांडला, दिवस बुडाला, तर सरकारच्या वहीत त्याला खानाच नाही. आमचे भांडण या नसलेल्या खान्याशी आहे.

आधी जे मिळाले ते नीट समजून घेऊ. 2013 साली मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी मुंबईतल्या खड्ड्यांबद्दल मुख्य न्यायमूर्तींना पत्र लिहिले. न्यायालयाने त्या पत्राचीच जनहित याचिका केली. बारा वर्षे ती चालली. 13 ऑक्टोबर 2025 रोजी न्यायमूर्ती रेवती मोहिते डेरे आणि न्यायमूर्ती संदेश पाटील यांनी आदेश दिला : खड्ड्याने किंवा उघड्या मॅनहोलने मृत्यू झाला तर वारसांना 6 लाख रुपये, जखमीला दुखापत पाहून 50 हजार ते अडीच लाख. अर्ज आल्यापासून सहा ते आठ आठवड्यांत पैसे द्यायचे, उशीर झाला तर 9 टक्के व्याज. आणि ही रक्कम जबाबदार अधिकारी व ठेकेदार यांच्याकडून वसूल करायची.

आदेश चांगला आहे. आपल्या गावात कोणाच्या घरी असा घात झाला असेल तर हा हक्क सोडू नका. नगरच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, लेखी अर्ज द्या. पण आदेश पुन्हा वाचा. मृत्यू आहे, जखम आहे. गाडी नाही.

दिल्लीचा कायदा पाहा. 2019 साली मोटार वाहन कायद्यात 198-अ हे कलम घातले. रस्ता नीट बांधला नाही, नीट राखला नाही तर अधिकाऱ्याला, ठेकेदाराला, सल्लागाराला एक लाखापर्यंत दंड. ऐकायला बरे वाटते. पण अट काय? त्या कसुरीने मृत्यू किंवा अपंगत्व आले पाहिजे. इथेही गाडी नाही.

राहिला विमा. आपल्यातल्या बहुतेकांच्या फटफटीला फक्त थर्ड पार्टी विमा आहे, कारण तोच सक्तीचा आहे. त्यात समोरच्याचे नुकसान भरून मिळते, आपल्या गाडीचे नाही. म्हणजे हप्ता आपला, खड्डा सरकारचा आणि रिमचे पैसे पुन्हा आपलेच.

आता एक जुनी हकिगत ऐका. कलकत्त्याच्या खिदिरपूर गोदीत सरकारी कामगार आगबोटीचा जड लोखंडी भाग सार्वजनिक रस्त्यावरून नेत होते. घोडागाडी आली, कामगार गडबडले, लोखंड दणकन खाली पडले, घोडा बुजला आणि जखमी झाला. घोडागाडी पेनिन्सुलर अँड ओरिएंटल या बोट कंपनीची होती. कंपनीने सरकारवर साडेतीनशे रुपयांचा दावा लावला. 1861 साली कलकत्त्याच्या सुप्रीम कोर्टाने सांगितले की अशा कामातल्या हयगयीला सरकार जबाबदार आहे. आज आपल्या राज्यघटनेचे कलम 300 सरकारवर दावा लावण्याची वाट दाखवते, आणि त्या कलमाचा अर्थ लावताना आजही वकील या घोड्यापासून सुरुवात करतात.

तो घोडा मेला नव्हता. कोणी माणूसही मेला नव्हता. मालकाचे जनावर जायबंदी झाले, एवढ्यावर गोऱ्या साहेबाच्या राज्यात सरकार जबाबदार धरले गेले. आणि इथे, स्वतःच्या राज्यात, आमची ट्रॉली मोडली तर विचारतात, कोणी मेले का?

कोणी म्हणेल, सरकारकडे पैसा कुठे आहे? हिशेब मांडू. 1998 साली पेट्रोलवर आणि 1999 साली डिझेलवर लिटरमागे 1 रुपया रस्त्यांसाठी म्हणून जादा कर बसला. 2000 साली केंद्रीय रस्ते निधीचा कायदा झाला. त्यात डिझेलवरच्या या पैशातला निम्मा वाटा ग्रामीण रस्त्यांना, असे लिहिले होते. 2018 साली निधीचे नाव बदलून त्यात 'पायाभूत सुविधा' घातल्या. आणि हे डिझेल आपण जाळतो कुठे? नांगरटीला, पाळीला, पेरणीला, मळणीयंत्राला. जे डिझेल कधी डांबराला शिवत नाही, त्यावरही आपण रस्त्याचा कर भरतो! मोटरसायकल घेताना एकरकमी कर वेगळा, महामार्गावर टोल वेगळा. पैसे आगाऊ घेतले, माल दिला नाही. व्यापाऱ्याने असे केले तर त्याला काय म्हणतात ते सांगायला नको.

पैशाआधी घामाचे सांगू. 1972 च्या दुष्काळात आपल्या बापजाद्यांनी, मायमाउल्यांनी उन्हात खडी फोडली. जिरायत पट्ट्यातले कितीतरी रस्ते त्या खडीवर उभे आहेत. त्या रस्त्यांवर आम्ही उपरे नाही.

सबबी तीन ऐकायला मिळतात. पहिली, पाऊस फार झाला. सप्टेंबर 2025 मध्ये पाथर्डी, शेवगाव, जामखेड भागात खरोखर आभाळ फाटले, ते आम्ही सोसले. पण या जिल्ह्यातल्या जिरायत तालुक्यांत वर्षाला जेमतेम पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस. तेवढ्यात वाहून जाणारा रस्ता पावसाने जात नाही, तो बांधतानाच गेलेला असतो. दुसरी सबब, उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ते मोडले. बागायतदार आणि जिरायतदार यांना एकमेकांवर सोडायचा हा जुना डाव आहे. त्याच रस्त्याने ऊस जाणार हे ठाऊक असताना पातळ रस्ता का केला, एवढेच आमचे विचारणे. तिसरी सबब सगळ्यांत लबाड : हा रस्ता आमचा नाही. जिल्हा परिषद बांधकाम खात्याकडे बोट दाखवते, बांधकाम खाते महामार्गाकडे. डिसेंबर 2022 मध्ये पारनेरचे तेव्हाचे आमदार निलेश लंके यांना नगर-पाथर्डीसह जिल्ह्यातल्या महामार्गांसाठी उपोषणाला बसावे लागले होते. आमदाराला रस्त्यासाठी उपाशी बसावे लागते, तिथे तुटका पाटा घेऊन गेलेल्या शेतकऱ्याला कोण विचारतो?

म्हणून आमच्या मागण्या चार आहेत.

1. खड्ड्याने गाडी मोडली तर पिकाच्या नुकसानीसारखाच 48 तासांत पंचनामा व्हावा. गाडीबरोबर सांडलेला माल आणि बुडालेला रोज त्यात धरावा.
2. अर्ज तहसील कचेरीत एकाच जागी घ्यावा. रस्ता कोणाचा हे सरकारने शोधावे, शेतकऱ्याने नव्हे.
3. सहा ते आठ आठवड्यांत पैसे, उशीर झाल्यास 9 टक्के व्याज. जखमेला जो नियम, तोच मालमत्तेला.
4. देखभालीची मुदत संपली नसेल तर ती रक्कम ठेकेदाराकडून वसूल करावी. ग्रामसडक योजनेच्या रस्त्याची पाच वर्षांची देखभाल त्याच ठेकेदाराकडे असते. रस्त्याच्या तोंडाशी फलक असतो, त्यावर नाव आणि तारखा वाचा.

मागण्या छापून काही होत नाही हे आम्हाला ठाऊक आहे. म्हणून आजच्या बैठकीतून उठताना प्रत्येक गावाने एक वही घालायची, खड्ड्यांची वही. खड्डा कुठे, किती लांब, किती खोल, फोटो कोणत्या तारखेचा. त्याची नक्कल कचेरीत देऊन पोच घ्यायची. एकदा लेखी कळवले की "आम्हाला माहीत नव्हते" म्हणायची सोय राहत नाही. गाडी मोडली तर जागेवरच फोटो, दोन साक्षीदारांच्या सह्या, गॅरेजचे बिल. मोडका भाग भंगारात देऊ नका. रस्ता कोणी, कधी, किती रुपयांत केला हे माहितीच्या अधिकारात मागा, 30 दिवसांत उत्तर द्यावे लागते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 152 खाली सार्वजनिक उपद्रव म्हणून प्रांत किंवा तहसीलदाराकडे अर्ज करता येतो. आणि तालुक्याची बिले एकत्र करून दिवाणी संहितेच्या कलम 80 ची दोन महिन्यांची नोटीस द्यायची. एकट्याचे नऊ हजार आठशे घेऊन कोर्टात जाणे परवडत नाही. शंभर बिलांचा गठ्ठा कोणालाही फेकून देता येत नाही.

2024 साली जिल्ह्याला अहिल्यादेवींचे नाव मिळाले. चौंडीच्या या लेकीने देशभर घाट, विहिरी, धर्मशाळा बांधल्या, वाटसरूची सोय पाहिली. नाव त्यांचे लावले असेल तर त्यांच्या जिल्ह्यातल्या वाटसरूच्या मोडलेल्या चाकाचा हिशेब द्यावाच लागेल.

आम्ही मदत मागायला आलेलो नाही, वसुलीला आलो आहोत. पुढच्या बैठकीला येताना वही आणि बिले सोबत आणा. ज्याच्या घरी तुटका पाटा पडला असेल, त्याने तोही आणा. सगळे पाटे ट्रॉलीत भरू आणि ती ट्रॉली कचेरीच्या दारात उभी करू. साहेबांनी मग पुन्हा विचारावे, कोणी मेले का?