त्याचा रिपोर्ट कुठे आहे?

लग्नाला दोन वर्षे झाली आणि पाळणा हलला नाही, की घरात कुजबुज सुरू होते. ती सुनेबद्दलच असते. तिची सोनोग्राफी होते, गर्भनलिका तपासल्या जातात, ताबीज बांधला जातो, दर्ग्यावर मन्नत मागितली जाते. ‘वांझ’ म्हटले की डोळ्यांसमोर बाईच येते. पुरुषासाठी रोजच्या बोलण्यात तसा शब्दच नाही. जो आहे तो ‘नामर्द’, आणि तो इथे साफ चुकीचा आहे.

शरीरसंबंध जमणे वेगळे आणि वीर्यात पुरेसे शुक्राणू असणे वेगळे. धडधाकट माणसाच्या वीर्यातही शुक्राणू कमी असू शकतात, अजिबात नसूही शकतात. त्याला स्वतःला ते जाणवत नाही. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी साधारण निम्म्यांत पुरुषाकडचे कारण असते, कधी एकटे, कधी स्त्रीकडच्या कारणासोबत.

हे कळायला एक वीर्यतपासणी लागते. दोन ते सात दिवस संबंध टाळून लॅबमध्ये नमुना द्यायचा. सुई नाही, भूल नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शिकेत एका मिलीलिटरमागे १ कोटी ६० लाख शुक्राणू ही खालची मर्यादा धरली आहे. आकडा त्याखाली आला म्हणजे सगळे संपले असे नाही. शुक्राणू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात, त्यामुळे मागे येऊन गेलेला मोठा तापही रिपोर्टमध्ये उतरतो. म्हणून तपासणी पुन्हा करतात.

माझ्या माहितीतल्या एका मुलीने सहा वर्षांत दुर्बिणीच्या तपासणीपर्यंत सगळे सोसले. नवरा म्हणत राहिला, “मला काय झालंय?” नमुना दिलाच नाही. घरच्यांनी त्याचा दुसरा निकाह लावला. तिथेही मूल नाही. आता दुसरीच्या तपासण्या चालू आहेत.

एका दमातला तिहेरी तलाक २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला, २०१९ मध्ये तो गुन्हाही ठरला. दुसऱ्या लग्नाची मोकळीक मात्र आपल्या व्यक्तिगत कायद्यात आजही आहे, आणि ‘मूल नाही’ हे कारण सगळे मान डोलावून ऐकतात. त्या बैठकीत बसलेल्या एकाने तरी विचारावे, मुलाचा रिपोर्ट कुठे आहे?

इलाज असतात. वृषणाच्या शिरा फुगल्या असतील (व्हेरिकोसील) तर अनेकांना शस्त्रक्रियेचा उपयोग होतो. वीर्यात शुक्राणू नसले तरी काहींच्या वृषणातून ते काढता येतात. एकच शुक्राणू बीजांडात सोडण्याचे इक्सी तंत्र १९९२ पासून वापरात आहे. तंबाखू आणि भट्टीसमोरची सततची उष्णता नुकसान करते. जिममध्ये दंड फुगवायला टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने घेणाऱ्या पोरांना तर हे कुणी सांगतच नाही, की त्यांनी शरीरातले शुक्राणू बनणेच थांबू शकते. बंद केल्यावर बहुतेकांचे पूर्वपदावर येते, पण महिने लागतात.

भिंतींवरच्या ‘मर्दाना कमजोरी’च्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, तरी त्या दिसतात. तिकडे पैसे घालवू नका. वर्षभर प्रयत्न करून दिवस राहिले नाहीत (पत्नी पस्तिशीपुढची असेल तर सहाच महिने), तर दोघे एकाच दिवशी डॉक्टरकडे जा आणि पहिला नमुना नवऱ्याचा द्या. तिच्या दुर्बिणीची तारीख त्यानंतर ठरू दे.